उर्फ

"सही कुठल्या नावाची करू?" आईनं विचारलं, आणि मी म्हटलं, "आई प्लीज, साडेचार वाजलेत."

एवढंच झालं होतं. भांडण नाही, रुसवाफुगवी नाही. २०२४ चा मे महिना, कराडचं कोर्ट, बाहेर झाडाखाली ताडपत्री बांधून बसलेले टायपिस्ट, पलीकडे रसवंती आणि तिच्या चरकाला बांधलेल्या घुंगरांचा एकसारखा छुमछुम आवाज. त्यात नोटरीवकिलांचा माणूस शंभराच्या स्टॅम्प पेपरवरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवतोय, इंग्रजीत पण आपल्या कराडी हेलात, की "विजया अँड अनघा आर वन अँड द सेम पर्सन". (तेव्हा शंभराचा चालायचा, त्याच ऑक्टोबरात तो पाचशेचा झाला, आम्ही वाचलो.) वाचता वाचता त्यानं मान वर करून आईकडे बघितलं, बाई एकच आहेत ना याची खात्री करून घ्यावी तसं. आई एकच होती. अबोली रंगाची कॉटनची साडी, खांद्याला पोस्टाच्या कामाची रेक्झिनची पिशवी, घाम पुसून पुसून टिकली जराशी सरकलेली. तिनं पेन घेतलं, कागदावर टेकवलं आणि थांबली. मला वाटलं पेन चालत नाहीये. मग तिनं तो प्रश्न विचारला आणि मी ते साडेचारचं उत्तर दिलं, आणि तिनं गुपचूप 'अनघा' अशी सही केली, जी ती सव्वीस वर्षं करत आलीय, अ ला मोठा वळसा आणि खाली एक रेघ.

मग आम्ही रस प्यायलो. बिनबर्फाचा.

त्यानंतर व्हिसा आला, मी इकडे लीड्सला आले, कोर्स संपला, नोकरीला लागले, आणि त्या चार महिन्यांच्या धावपळीतलं मला वारंवार आठवतं काय तर ते साडेचार. मुळात साडेचारला काही नव्हतंच. स्कॅनिंगवाला पाचला बंद करतो असं माझ्या डोक्यात कुठूनतरी बसलं होतं आणि तो बाबा रात्री नऊपर्यंत दुकान उघडं ठेवून बसलेला असतो.

ज्यांच्या घरातून कोणी यूकेला गेलंय त्यांना ते २८ दिवसांचं गणित पाठ असेल. लंडनबाहेरची युनिव्हर्सिटी असेल तर त्या वर्षी राहण्याखाण्याचे महिन्याला १,०२३ पौंड, असे नऊ महिने, म्हणजे ९,२०७ पौंड खात्यावर दाखवायचे, आणि ते सलग २८ दिवस तिथेच बसून राहिले पाहिजेत, एक दिवस जरी आकडा खाली गेला तरी संपलं. फीचं लोन झालं होतं, पण हे ९,२०७ म्हणजे साधारण पावणेदहा लाख आम्ही आईच्या नावावर दाखवणार होतो. पप्पा साखर कारखान्यात, त्यांचे पैसे पीएफमध्ये, आणि आज बँकेत जाऊन काढता येत नाहीत ते पैसे व्हिसावाल्यांना पैसे वाटत नाहीत. आईच्या मात्र एफड्या होत्या. छोट्या छोट्या, पंधरा हजाराची, चाळीस हजाराची, वेगवेगळ्या महिन्यांत संपणाऱ्या. त्या सगळ्या मोडून, थोडे मामाकडून आणून तिच्या सेव्हिंगमध्ये एका जागी जमा केले. पण पैसे आईवडिलांचे असतील तर ते तुमचे आईवडीलच आहेत हे दाखवावं लागतं, जन्माच्या दाखल्यानं. आणि माझ्या जन्माच्या दाखल्यावर आईच्या रकान्यात आई नव्हती.

माझा जन्म चिपळूणचा. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे आई सातव्या महिन्यात कुंभार्ली घाट उतरून गेली ती मला घेऊनच वर आली. नोंद करायला गेले आजोबा. तिथे विचारलं असणार, बाळाच्या आईचं नाव? त्यांनी सांगितलं, विजया. सांगणारच, त्यांनीच ठेवलेलं होतं ना ते. मुलीचं नाव बदललंय हे त्यांना काय माहीत नव्हतं का, लग्नात ते समोरच उभे होते, पण दवाखान्यातल्या खाटेवर झोपलेली होती ती त्यांची विजूच. तर वडिलांचं नाव बरोबर, आडनाव बरोबर, तारीख बरोबर, आणि आईच्या जागी एक बाई जी माझ्या पासपोर्टवर नाही, आधारवर नाही, रेशनकार्डावर नाही आणि मुख्य म्हणजे बँकेत नाही. पप्पांचा काही प्रश्नच आला नाही. पप्पांचं नाव बारशापासून आजपर्यंत तेच. आमच्या व्हिसाचं बघणारी काउन्सिलर म्हणाली होती, "फादरचं ओके आहे, मदरचं बघा."

नाव का बदललं, तर थोरल्या काकूचं नाव पण विजया. घरात दोन विजया नकोत, हाक मारली की दोघी येतील, असं आजी सांगायची, पप्पांची आई. आणि इतक्या साधेपणानं सांगायची की लहानपणी मला ते एकदम पटायचं. आमच्या वर्गात दोन स्नेहा होत्या तर एकीला स्नेहा के म्हणायचे आणि एकीला स्नेहा पी, तसंच काहीतरी. फक्त त्या दोघींकडे स्नेहा शिल्लक होतं. आईच्या लग्नात तबकात तांदूळ पसरले, पप्पांनी अंगठीनं त्यात अनघा लिहिलं, पेढे वाटले, झालं. मी एकदा विचारलं होतं की तुला आधी माहीत होतं का कुठलं नाव ठेवणारेत? म्हणाली, छे, मुंडावळ्या मध्ये मध्ये येत होत्या, तबकातलं धड दिसलंपण नाही, भटजींनी मोठ्यानं वाचलं तेव्हा कळलं. मग त्या तांदळाचं काय केलं?

"दुसऱ्या दिवशी भात झाला असेल बहुतेक."

या सगळ्यात विनोद असा की माझी आई पोस्टाची आरडी एजंट आहे. महिला प्रधान एजंट, शंभराला चार रुपये कमिशनवाली. शनिवार पेठेतल्या अर्ध्या दुकानांचे महिन्याचे हप्ते तिच्या त्या पिशवीत असतात, आणि नाव या विषयातली ती आमच्या भागातली शेवटची अथॉरिटी आहे. आधारवर आहे तसंच लिहायचं, सही पासबुकावर आहे तशीच करायची, काना मात्रा इकडचा तिकडे झाला की मॅच्युरिटीला पैसे अडकतात, हे ती दिवसातून दहा वेळा कोणाला ना कोणाला सुनावत असते. सुशीला का सुशिला, यावर तिला मी वीस मिनिटं बोलताना ऐकलंय. माहेरच्या नावानं कुठेतरी एखादं खातं राहून गेलेल्या कितीतरी बायकांना ती स्वतः घेऊन त्याच नोटरीकडे गेलीय. त्यामुळे त्या दिवशी टायपिस्टनं सवयीनं विचारलं, "या ताई, आज कुणाचं?" आणि ती म्हणाली, "आज माझंच." तो हसला. ती पण हसली. मी मोबाईलमध्ये बघत होते.

नोटरीच्या आधी चार दिवस आम्ही चिपळूणला गेलो होतो, दाखल्याची ताजी प्रत काढायला, आणि मामाकडे आईच्या जुन्या नावाचं काही सापडतं का बघायला. सकाळची एसटी, पाटण, कोयनानगर, मग घाट. घाटात माझं पोट ढवळतं आणि आईचा आवाज बदलतो. खरंच बदलतो. कराडात ती "काय करायलीस" म्हणेल, घाट उतरला की वाक्याच्या शेवटी गो यायला लागतो, आणि मामाच्या दारात चप्पल काढेपर्यंत ती पूर्ण वेगळ्या पट्टीत बोलत असते. आजी आतून ओरडली, "विजू आली काय गो?" हे मी जन्मापासून ऐकतेय. पण त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं ते असं की चला, एक साक्षीदार तरी आहे, हिचं स्टेटमेंट घेता आलं असतं तर बरं झालं असतं. व्हिसाची फाईल करताना माणसाचं हे असं होतं. सगळी माणसं सपोर्टिंग डॉक्युमेंट दिसायला लागतात.

आईची पत्र्याची ट्रंक मामाच्या माळ्यावर असायची. २०२१ च्या जुलैत ती खाली होती. नेमकी तेव्हाच का खाली होती हे कोणाला नीट सांगता येत नाही, मामी म्हणते रंगाचं काम काढलं होतं. २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी आलं ते मामाच्या भिंतीवर अजून आहे, म्हणजे भिंत नंतर रंगवली पण मामानं एक बोटभर पट्टी तशीच मातकट सोडलीय आणि बाजूला खडूनं तारीख लिहिलीय. माझ्या खांद्याच्याही वर. ट्रंकेतलं मामीनं पंख्याखाली वाळवून परत भरून ठेवलं होतं. उघडली तर तो वास, ओल्या पोत्यासारखा, तीन वर्षं झाली तरी. आईचा दहावीचा शाळा सोडल्याचा दाखला निघाला, १९८९ चा, घडीवर फाटून चार तुकडे झालेला. छापील अक्षरं होती, शाईनं भरलेली सगळी वाहून गेली होती. म्हणजे 'विद्यार्थ्याचे संपूर्ण नाव' असं स्वच्छ वाचता येत होतं आणि पुढे फिकट निळा डाग. हॉलतिकीट होतं, त्यावरचा फोटो पापुद्र्यासारखा निघून आला, आणि फोटोखाली सही असते तिथेही तोच निळा डाग. आई तो कागद उजेडाकडे धरून बराच वेळ बघत होती. मी म्हटलं, हे काही चालणार नाही.

वाचली होती ती लग्नपत्रिका. मामीनं एकच वेगळी कॅरीबॅगमध्ये घालून देवघरात ठेवली होती म्हणून. लालसर जाड कागद, वर सोनेरी गणपती, त्याचं सोनं आता हाताला लागतं. 'चि. सौ. कां. विजया', खाली पप्पांचं नाव, तारीख मे १९९८, कार्यालयाचा पत्ता, आमचे येथे श्रीकृपेकरून वगैरे सगळं. आम्ही तिचा फोटो काढून काउन्सिलरला पाठवला आणि तिनं उलट पाठवलं की ग्रेट, अफिडेव्हिटला जोडून टाका, ट्रान्सलेशन करून. मला अजून हसू येतं की चि. सौ. कां. चं कोणीतरी इंग्रजीत सर्टिफाइड भाषांतर केलंय. त्या माणसानं ते तीनही सरळ गाळले आणि 'मिस विजया' केलं. शहाणा माणूस.

परतीच्या एसटीत आई खिडकीशी. हेळवाकच्या पुढे कुठेतरी ती एकदम म्हणाली, "माझी सही कशी होती तेच आठवेना."

"कुठली सही?"

"शाळेतली. दहावीला केली होती ती. विजयाची."

मी काय म्हटलं असेन? मला खरंच आठवत नाही. बहुतेक हं म्हटलं असेन. माझ्या मांडीवर लॅपटॉपची बॅग होती, फोनला रेंज येत जात होती आणि मी युनिव्हर्सिटीच्या पोर्टलवर कॅस आला का ते रिफ्रेश करत होते. कॅस म्हणजे तो नंबर, जो आल्याशिवाय व्हिसाचा अर्जच करता येत नाही. त्या उन्हाळ्यात मी इतक्या वेळा ते पान रिफ्रेश केलंय की झोपेतसुद्धा अंगठा खाली ओढला जायचा.

तर नोटरीच्या टेबलाशी जेव्हा तिनं विचारलं ना, सही कुठल्या नावाची करू, तेव्हा तो प्रश्न तिनं माझ्याआधी चार दिवस स्वतःला विचारलेला होता. हे मला लीड्समध्ये सुचलं, बसस्टॉपवर, पावसात, दीड वर्षानं.

मेच्या शेवटी आमच्याकडे चारशे छप्पन रुपयांचं नाट्य झालं. २८ दिवस मोजणं चालू होतं, पप्पा रोज सकाळी चहाच्या आधी बँकेचं अॅप उघडायचे, आणि एके सकाळी त्यांचा असा आवाज आला की मला वाटलं आजीला काही झालं. आकडा कमी झाला होता. आधी ४३६ आणि मग २०. कोणी काढले, कुठे गेले, हॅक झालं का, बँकेत फोन. मग आईलाच आठवलं की ते दोन विमे आहेत ना, मोदींचे, जीवनज्योती आणि सुरक्षा, दरवर्षी मेअखेर आपोआप कट होतात, फॉर्म तिनंच भरून दिलेला. पौंड वरखाली होतो म्हणून आम्ही बारा हजार जास्तीचे ठेवले होते त्यामुळे काही बिघडलं नव्हतं. पण आई त्या दिवशी जेवली नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पैशांचा हिशोब पैशाला पैसा ठेवणारी बाई, आणि आपल्या पोरीच्या २८ दिवसांत आपल्याच सहीनं भोक पडलं, हे तिला लागलं. पप्पा म्हणत होते अगं नॉमिनी मीच आहे, काळजी कसली करतेस. हा विनोद होता. तो कोणी ऐकला नाही.

त्याच सुमारास पेपरात ते सारखं येत होतं, सरकारच्या निर्णयाचं, की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं नाव लिहिताना आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव. पप्पांना फार आवडलं. त्यांनी वाचून दाखवलं, माझं नाव त्या पद्धतीनं म्हणून बघितलं, मध्ये अनघा घालून, कसं वाटतं बघ म्हणाले. आई कणीक मळत होती. म्हणाली, "आईचं कुठलं?" पप्पांना कळलंच नाही. त्यांनी पान उलटलं. पप्पा चांगले आहेत हे मला इथे लिहावंसं वाटतं, कारण असं लिहिताना उगाच ते खलनायक व्हायला लागतात. नाव त्यांनी निवडलंसुद्धा नव्हतं, त्यांच्या हातात कोणीतरी अंगठी दिली आणि हे लिही म्हणून सांगितलं. चोवीसाव्या वर्षी तबकासमोर बसलेला माणूस काय नाही म्हणणार होता. काकू मात्र, थोरली, म्हणजे जिच्यामुळे हे सगळं झालं ती विजयाकाकू, तिला मी एकदा विचारलं की तुला कधी वाटलं का. तर ती म्हणाली, "अगं मला तर सासूबाईंनी विचारलं होतं, तुझं बदलू का तिचं. मी आधी आलेली ना." म्हणजे एक क्षण असाही होता की आई विजया राहिली असती आणि काकू दुसरीच कोणीतरी झाली असती. कुणाचीतरी गाडी निघाली आणि कुणाचीतरी राहिली, एवढंच.

जूनअखेर कॅस आला आणि अर्ज भरायला बसले. फी ४९० पौंड. आणि आरोग्याचा सरचार्ज, वर्षाला ७७६ प्रमाणे दीड वर्षाचा, १,१६४. सव्वा लाखाच्या आसपास. आजी म्हणाली, पोरगी आजारी पडायच्या आधीच दवाखान्याचं बिल? हे इतकं बरोबर होतं की मी गप्प बसले. फॉर्ममध्ये एक प्रश्न येतो, तुम्हाला आत्ता किंवा पूर्वी कधी दुसऱ्या कुठल्या नावानं ओळखत होते का. मी विचारही न करता 'नाही' वर क्लिक केलं. आई शेजारी बसून बघत होती, तिला फॉर्म बघायला आवडतात, दुसऱ्या एखाद्या बाईला सिरीयल आवडतात तसे. म्हणाली, "परत मागे जा की जरा." गेले. तिनं तो प्रश्न हळूहळू वाचला, इंग्रजी तिचं बेताचं आहे पण फॉर्मचं इंग्रजी तिला येतं. "चांगलाय प्रश्न," म्हणाली. बास. मग चहा टाकायला उठली.

टीबीची टेस्ट मुंबईत झाली. महालक्ष्मीनं रात्री ओगलेवाडीहून निघालो, पहाटे उतरलो, पप्पा आणि मी. थंडगार खोली, छाती त्या पाटीला चिकटवायची, श्वास धरा, सोडा. बाहेर बाकड्यावर माझ्यासारख्याच पंधरा वीस पोरी, पोरं, प्रत्येकाच्या मांडीवर तीच पारदर्शक फाईल, आणि प्रत्येकाच्या शेजारी एक बाप जो त्या फाईलकडे बघतोय. बायोमेट्रिकच्या वेळी मात्र मी एकटीच गेले. बोटं काचेवर ठेवताना मला मामेबहिणीची आठवण आली, तिचं लग्न त्याच आठवड्यात होतं आणि मी मेंदी काढून घेतली नव्हती, बोटांवर काही नको म्हणून. फोटोत सगळ्यांचे हात लाल आणि माझे कोरे. आई म्हणाली होती, बरं दिसतं का हे मामाच्या लेकीच्या लग्नात. पण तिनंच आजीला समजावून सांगितलं.

व्हिसा जुलैत आला. पासपोर्टवर नव्वद दिवसांचा स्टिकर. अफिडेव्हिटबद्दल, विजयाबद्दल, अनघाबद्दल कोणी एका शब्दानं काही विचारलं नाही. पलीकडे कोणी तो कागद उघडला तरी का, हेही मला माहीत नाही.

निघायच्या आधी पप्पांच्या ओळखीतल्या एका पतसंस्थेनं सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, एक गणपतीची फ्रेम जी मी नेली नाही. अध्यक्ष बोलायला उभे राहिले आणि आनंदीबाई जोशींवर गेले, जातातच. कल्याणची मुलगी, १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीत बसून अमेरिकेला गेली, १८८६ मध्ये डॉक्टर झाली, त्या काळात बघा, वगैरे. मी मनातल्या मनात म्हणत होते की तिला २८ दिवस बॅलन्स तर दाखवावा लागला नाही, पासपोर्टचा कायदाच मुळी १९२० चा. (नंतर लाज वाटली. पोरगी परत आली आणि बावीस पूर्ण व्हायच्या आत गेली.) आई पुढच्या रांगेत, माझ्या शेजारी. टाळ्या वाजत असताना ती माझ्याकडे वाकून म्हणाली, "तिचं खरं नाव यमुना." मी म्हटलं, काय? "यमुना. आनंदी सासरचं." आणि परत सरळ बसून टाळ्या वाजवायला लागली. नंतर मी शोधलं तेव्हा कळलं की तिची रक्षा तिकडे न्यूयॉर्क राज्यात पोकिप्सीला नेली, तिथे तिच्या नावाचा दगड आहे. त्या दगडावरही सासरचंच नाव. यमुना बोटीत बसली होती का, कलकत्त्यात राहिली, का त्याच्याही आधी कल्याणलाच, कोण सांगणार.

इथे आल्यावर खातं उघडलं. काही महिन्यांनी कार्ड अडकलं म्हणून फोन केला तर पलीकडची बाई सिक्युरिटी म्हणून विचारते, मदर्स मेडन नेम? मी एकदम खूश होऊन सांगायला लागले, विजया. ती म्हणाली नाही, सरनेम, फक्त सरनेम. माहेरचं आडनाव सांगितलं, मॅच झालं, कार्ड सुरू झालं. एवढ्या मोठ्या देशात रोज हजारो लोकांना आईचं माहेरचं नाव विचारतात, आणि त्यांनाही पुढचं नको असतं, कारण त्यांच्याकडे पुढचं बदलत नाही. मी आईला फोन करून हे सांगितलं. तिला वाटलं कार्ड चोरीला गेलं. अर्धा तास त्यातच गेला.

गेल्या दिवाळीत घरी गेले होते. साफसफाई तर झालेलीच होती, पण पासबुक शोधायला म्हणून मी तिचं गोदरेजचं कपाट उघडलं आणि तिच्या पोस्टाच्या फायली उपसल्या. एक फाईल होती जिच्यावर नाव नव्हतं. आत ती लग्नपत्रिका, दहावीच्या हॉलतिकिटाचा तो निळा डाग, सुटा झालेला पासपोर्ट साइज फोटो, दोन वेण्या आणि रिबिनी. आणि आमचा स्टॅम्प पेपर. लॅमिनेट केलेला. मी तो खिडकीशी नेला. मजकूर तोच, वन अँड द सेम. नोटरीचा गोल शिक्का, लाल सील, अ ला मोठा वळसा घातलेली सही. आणि तिच्या खाली, शिक्क्याच्या बाहेर, वेगळ्या पेनानं, बारीक गोल अक्षरांत 'विजया'. रेघ न ओढता. ज च्या इथे पेन जरा अडखळलेलं.

"मी सांगत होतो हिला," पप्पा मागून म्हणाले, त्यांनी बहुतेक लॅमिनेशनच बघितलं असावं, "लॅमिनेट केलेला स्टॅम्प पेपर कुठ्ठं चालत नाही."

आई आत चकल्या पाडत होती. तेलाचा आवाज, भाजणीचा वास. साचा दाबता दाबता, मान वर न करता म्हणाली,

"मला कुठं चालवायचाय."